जन्मनोंदीचा भोंगा

नगरपालिकेच्या जुनाट सर्व्हरचं झाकण उघडून वैजयंतीने नेटवर्कचं कार्ड बाहेर काढलं. त्याचा आणि शेजारच्या खाचेतल्या आगीच्या भोंग्याच्या कार्डाचा नंबर एकच लावलेला होता. त्यामुळे जन्माची नोंद पाठवली की भोंगा वाजायचा आणि अग्निशमनचा बंब घंटा घणघणत सुटायचा.

तिने चिमट्याने कार्डावरची, नंबर ठरवणारी इवलीशी टोपी उचलून शेजारच्या पिनांवर बसवली, कार्ड परत खोचून सर्व्हर सुरू केला. पुढची नोंद निमूट गेली.

ती नोंद मुनीर रिक्षावाल्याच्या मुलीची होती. तान्ह्या लेकीला घेऊन तो खिडकीशी हिरमुसून उभा राहिला. "मॅडम, गावातल्या प्रत्येक पोरासाठी बंब धावला. माझ्याच लेकीच्या वेळी बंद?"

"अहो, खरी आग लागली तर कळणार कसं?"

तो नुसता बाळाकडे बघत राहिला. वैजयंतीने सुस्कारा सोडला, टोपी जुन्या जागी लावली आणि नोंद पुन्हा पाठवली.

भोंगा गावभर घुमला. बंब निघाला, मुलीने टाहो फोडला आणि मुनीर भर कचेरीत नाचला.

वैजयंती चिमटा घेऊन परत सर्व्हरकडे वळली, तेवढ्यात जुळ्या नातवंडांना कडेवर घेऊन एक आजोबा आत आले.