पहिले चौदा सेकंद

"हं पोरी, लाव आता," साहेब म्हणाले आणि पायलनं लॅपटॉप पुढे ओढला.

महागावच्या सभागृहात भर दुपारी पडदे ओढून अंधार केला होता. कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेल्यांची साहेबांपुढे सुनावणी होती. पहिल्याच रांगेत कृषी केंद्रवाला शेठ पायावर पाय टाकून बसला होता. बिनलेबलाचं औषध त्याच्याच दुकानातून गेलेलं. महिन्याखाली पूनमसिंग नावाच्या शेतकऱ्यानं त्याच्याविरुद्ध अर्ज केला, तर आठ दिवसांत पूनमसिंगाची उभी कपाशी कापून पडली. कोणी कापली ते सगळ्यांना ठाऊक, पण बोलतो कोण?

फवारणीत नवऱ्याचे डोळे गेलेल्या लालीबाईचा व्हिडिओ पायलनं घेतला, तो त्याआधीचा. चेहरा नव्हताच, नुसते हात दिसत होते. पण तांड्यावरची म्हातारी ती, बोलायला बसली की आधी नाव सांगणार, मग तांडा, मग तांड्याचा नाईक. "बिननावाचं बोलनं म्हंजे चुगली हाये, माय," असं तीच म्हणाली होती. पूनमसिंगाची कपाशी पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी एसटीनं पायलकडे आली. "बाई, माह्यं नाव काढून टाक. मालक आंधळा बसला घरी, दोन एकर हाये तेवढंच."

"काढलं समजा, मावशी."

आता ते नाव-गावाचे पहिले चौदा सेकंद सरळ कापून टाकावेत की नाही? पण नाही! कोर्स केलेली शहाणी पोरगी ना. तिनं वेबसाइटच्या पानावर जावास्क्रिप्टच्या दोन ओळी लिहिल्या: व्हिडिओ पंधराव्या सेकंदाला सुरू कर, दोन मिनिटं झाली की थांबव. चाललं, झालं काम.

पायलनं बटण दाबलं. पडद्यावर बांगड्यांनी भरलेले हात आले, लॅपटॉपातून आवाज आला.

"दोन दवा एकाच डब्यात मिसळून देल्या. म्हने, जोरात काम करते. संध्याकाळी मालकाले दिसनंच बंद झालं."

शेठचा वर टाकलेला पाय हलायचा थांबला. दोन मिनिटं झाली, व्हिडिओ बरोब्बर तिथंच थांबला. पायलला हायसं वाटलं. वाचलो बाप्पा!

"पुन्हा एकदा पाहू," साहेब म्हणाले.

शेजारी बसलेल्या साहेबांच्या कारकुनानं, भीमराज बाबूंनी, हात लांबवून गोल बाणाचं बटण दाबलंसुद्धा. आणि तेव्हा पायलला आठवलं. पंधराव्या सेकंदाची अट तिनं पान उघडल्यावरच्या पहिल्या वेळेपुरतीच घातली होती. दुसऱ्यांदा लावलं की व्हिडिओ अगदी पहिल्यापासून सुरू होणार.

"मी लालीबाई..."

पायल झपकन उठली आणि प्रोजेक्टरची वायर उपटली. पडदा कोरा झाला. पण आवाज काही प्रोजेक्टरातून येत नव्हता.

"...राहनार..."

तिनं लॅपटॉपचं झाकण धाडकन आदळलं. बोटं मध्ये सापडली, तेही तिला कळलं नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"ला... लाईन गेली, सर."

वर चारही पंखे गरगरत होते. सगळे आधी पंख्यांकडे पाहू लागले, मग तिच्याकडे. शेठ तेवढा वर पाहत नव्हता. तो चिडलासुद्धा नव्हता, आणि त्याचीच पायलला जास्त भीती वाटली. सावकाश मागे वळून तो पोरीबाळीशी बोलावं तसा गोड हसला.

"लालीबाई तं तांड्यातांड्यानं हायेत, बेटा. राहनार कुठची म्हने? जरा पुढचं लाव बरं."