बिनशेपटीचा माउस

"उजव्या अंगाले," अकोल्यातून प्राजक्ता म्हणाली.

"नेला."

"नेला कुठी? इथं तर काहीच हललं नाही."

"हलन. तुया कॉम्प्युटरले घाई हाये, मले नाही," पार्बताबाई म्हणाल्या.

पार्बताबाईंचा फोन चांदूर रेल्वे गावातल्या घरात होता, नवऱ्याच्या, म्हणजे आबांच्या खाटेशेजारच्या टेबलावर. तिथंच प्राजक्ताचा जुना कॉम्प्युटर. अकोल्याच्या ऑफिसात बसून नात त्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरू शकत होती. माउस हलवायला मात्र घरातलाच हात पाहिजे. बिनवायरचा नवा माउस कंपनीनं तिच्या आधारकार्डावरच्या पत्त्यावर धाडला होता. शहाण्या लोकांची कंपनी. पोरगी अकोल्यात, पार्सल चांदुरात. रजा मागितली, तर साहेब म्हणाले शनिवारी जा.

कंपनी शाळांना कॉम्प्युटर पुरवायची. त्या कॉम्प्युटरला हा नवा माउस ओळखू येत नव्हता. ओळख करून देतो तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, आणि त्यात या माउसची भर घालणं हे प्राजक्ताचं काम. घरात नवी सून आली की कोण जाऊ, कोण नणंद, हे कुणीतरी सांगावं लागतं, तसंच ते. सोमवारपर्यंत जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी.

अकोल्यात पडद्यावर माउस कुठं सरकला त्याचे आकडे उमटले. प्राजक्ताच्या कपाळाला आठी पडली.

"आजी, उजव्या अंगालेच नेला ना? हे तर डावीकडचे आकडे येऊन राहिले."

"मले उजवं-डावं कळत नाही का? जलमभर कोणत्या हातानं जेवली मी?"

"बरं, व्हिडिओ कॉल लाव. मी पाहतो."

"मी आताच न्हाली, केस मोकळे हायेत. मले नाही तोंड दाखवायचं." मग आवाज खाली आला. "हळू. हळू..."

"कोणासंग बोलून राहिली वं?"

"मांजरीसंग. दुधावर डोळा हाये तिचा."

प्राजक्ता हसली. "आबा कसे हायेत?"

"हायेत तसे हायेत."

दिवाळीनंतर लकव्यानं आबांचं उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली. उजवा हात मनगटातून वळून छातीला लागला तो लागलाच. अमरावतीच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, चेंडू खाटेखाली गेला. "वांग्याचे क्रेट उचलले त्या हातानं," पार्बताबाई डॉक्टरांना तोंडावर म्हणाल्या होत्या, "अन् तुमी चेंडू देता खेळाले." पुढच्या वेळी डॉक्टरांनी हाताचा विषयच काढला नाही.

रोज संध्याकाळी फोन लागायचा. वर म्हटलं की आकडे खाली जायचे, उजवीकडे म्हटलं की डावीकडे. प्रत्येक वेळी आधी बराच वेळ काहीच यायचं नाही. माउस बनवतानाच उलटा बनला असेल, असं प्राजक्ताला वाटलं. तिनं ड्रायव्हरमध्ये चार ओळी टाकल्या: हा माउस दिसला की दिशा उलटी धर.

दुसऱ्या दिवशी उजवीकडे म्हटलं, बाण उजवीकडे गेला.

"जमलं आजी. आता बस."

"बस काहून? अजून एकदा होऊ दे. पक्कं होऊ दे."

"कंटाळा नाही येत तुले?"

"नोकरी तुयी हाये ना? मंग गुमान सांग, कोणत्या अंगाले."

आजीला म्हातारपणी भलताच नाद लागला, असं प्राजक्ता ऑफिसात सांगत सुटली.

शनिवारी ती गाडीनं चांदूरला आली. घरात मांजर काही दिसली नाही. आबांच्या पाया पडली आणि तशीच कॉम्प्युटरसमोर बसली. माउस हातात घेतला, उजवीकडे नेला. बाण डावीकडे पळाला.

तिनं पुन्हा नेला. पुन्हा तेच. मग तिनं माउस गर्रकन फिरवला, मागचं तोंड पुढं केलं. बाण सरळ चालायला लागला.

"आजी," ती म्हणाली, "उलटा धरला होता हा. पाठीमागून."

पार्बताबाई मेथी निवडत होत्या. "असन. त्याले ना शेपूट, ना डोळे. कोणीकडून धरावं मानसानं?"

"अवं, त्याच्यापायी मी दिशा उलटी करून ठेवली होती. हे असंच सोमवारी गेलं असतं, तर समद्या शाळांत बाण उलटे पळाले असते. अन् माह्यी नोकरी गेली असती."

पार्बताबाईंनी मेथीची जुडी आणखी जवळ ओढली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. प्राजक्तानं त्या चार ओळी काढल्या, सगळं स्वतःच्या हातानं तपासलं आणि काम धाडून दिलं. जेवणं होईस्तोवर साहेबांचा निरोप आला. चाललं. सोमवारी ये, कागद करून टाकू.

"झाली पक्की?" पार्बताबाईंनी विचारलं.

"झाली."

"मंग आता आपल्या या डब्यात ते उलटंवालं पुन्हा टाकून दे."

"कायले? सरळ धराले शिकवतो ना मी तुले."

"मले कायले शिकवतं? मी तर त्याले हातबी नाही लावला."

पार्बताबाईंनी पदराला हात पुसले. भिंतीला लावून ठेवलेली फळी आबांच्या मांडीवर आडवी टाकली. छातीशी वळलेला तो हात अलगद उतरवून फळीवर आणला, एकेक बोट उलगडलं आणि माउस त्याखाली सरकवला. मनगट वळलेलंच राहिलं. माउसचं तोंड आबांच्या छातीकडं झालं.

"नातीची नोकरी झाली पक्की, आता दाखवा तिले," त्या म्हणाल्या. "उजव्या अंगाले."

बराच वेळ काहीच हललं नाही. मग पडद्यावरचा बाण डावीकडे सरकला.