धुनेचा तिसरा भाग

"काकू, मास्तरांना उठवून बसवू का?" पोरीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उशा रचायला घेतल्या.

"बसव बाई. सकाळपासून घास गिळलेला नाही. वाचा गेली म्हणून काय झालं, रुसायचं तेवढं अजून नीट जमतं!" काकू कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. उद्या सकाळी मुलगा गाडी घेऊन येणार आणि दोघांना दूर आपल्या घरी नेणार. खोलीत खाट तेवढी उरली होती; बाकी संसार खोक्यांत.

पोरगी कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. पहाटेच्या पाळीत साडेतीनशे शर्ट हातांखालून गेले होते, बोटं आखडली होती. पण आज नाही तर कधीच नाही. नऊ वर्षांच्या शिकवणीत मास्तरांनी आपल्या घराण्यातली व्हायोलिनवरची नाचाची धून तिला दिली, ती दोनच भागांची. तिसरा आहे, एवढं सांगत. पूर्वी त्या धुनेवर माणसं तास तास नाचायची. हल्ली कार्यक्रमात तीन मिनिटं मिळतात, तिसऱ्या भागापर्यंत कुणी पोचतच नाही. ती धून पूर्ण वाजवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि महिन्यापूर्वी मास्तरांचं डावं अंग गेलं.

देवाने एक हात नेला, एक ठेवला. ठेवलेल्या हातात पोरीने गज दिला. व्हायोलिन त्यांच्या खांद्याला लावलं, आपण खाटेवर त्यांच्या मागे बसली, आणि डावा हात त्यांच्या बगलेखालून पुढे घेऊन बोटं तारांवर टेकवली.

"अगं, हे काय सोंग?"

"गज त्यांचा, बोटं माझी. बघू काकू, दोघांत मिळून एक माणूस होतो का."

पहिला भाग लंगडत निघाला. कधी गज पुढे, कधी बोटं पुढे. दुसऱ्या खेपेला जुळलं. दुसरा भाग तर असा गेला की काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. पोरीच्या करंगळीत कळ आली, पण ती थांबली नाही. कारण गज थांबला नव्हता. तो आता तिला ठाऊक नसलेल्या वाटेला लागला होता.

तिने चाचपडत एक बोट ठेवलं. मास्तरांनी नकाराची मान हलवली. दुसरं ठेवलं. पुन्हा मान.

"मग कुठे ठेवू, मास्तर?" तिचा आवाज रडवेला झाला. "नऊ वर्षं झाली हो!"

मास्तरांनी गज उचलून तिच्या बोटांवर हलकेच मारला. तिने बोट सरकवलं. पुन्हा मारला. शेवटी दमून तिने व्हायोलिनची मान नुसत्या अंगठ्यावर तोलली आणि बोटं सोडून दिली.

"हां," एवढाच हुंकार मास्तरांच्या तोंडून निघाला.

आणि मोकळ्या तारांवर गज फिरू लागला. जाड तारेने हाक मारावी, बारीक तारेने ओ द्यावी. ठेका तोच, पाऊल उचलायला लावणारा. बोटांना कुठेच काम नव्हतं. ती हवेत लोंबत राहिली, आणि आखडलेलं एकेक पेर सुटत गेलं.

पोरीला हसू येता येता राहिलं. याच भागासाठी ती इतकी वर्षं बोटं घासत होती.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "यात तर काहीच नाही!"

"नाचणारे कुठले थांबायला, काकू," पोरगी हळूच म्हणाली. "मग वाजवणाऱ्याच्या बोटांनी विसावा घ्यायचा कधी?"

भाग संपला असं वाटून ती पहिल्या भागासाठी बोटं ठेवू गेली. मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं, आणि तोच भाग पुन्हा सुरुवातीपासून धरला.

पोरीने कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं.