लालबागच्या शाळेचं टेंडर

"डबा उघडू नका, मावशी," सीमा म्हणाली, पण जाईबाईंनी झाकण काढलंही होतं. आत घावणे आणि नारळाचा रस. दादरच्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लालबागच्या चाळीचा वास भरला.

"तुझ्या आईची रात्रपाळी असली की तू माझ्या खानावळीतच जेवायचीस. गिरणीतले गडी हसायचे, एवढीशी पोर आणि खाते किती!"

"आणि हितू त्याचा रस माझ्या ताटलीत ओतायचा." सीमा हसली आणि लगेच जीभ चावली. ज्याचं नाव घ्यायचं नाही, नेमकं तेच तोंडातून निघालं!

कारण जाईबाईंच्या मुलाचं, कंत्राटदार हितेंद्रचं टेंडर ऑफिसात तपासणीसाठी तिच्याच टेबलावर होतं. लालबागची जुनी शाळा पाडून नवी बांधायची होती. पैसा परदेशी बँकेच्या कर्जाचा, आणि त्या बँकेचे नियम म्हणजे कडक सोवळं. टेंडरची बंद पाकिटं उघडली की काम दिलं जाईपर्यंत कंत्राटदाराने किंवा त्याच्या घरच्या कुणी तपासणाऱ्यांकडे शब्द टाकायचा नाही. टाकला की टेंडर बाद. एकाच चाळीत वाढलो, हे सीमाने साहेबांना आधीच कळवलं होतं. "नातं नाही ना? मग तपासा," ते म्हणाले होते.

हितेंद्रचा दर सगळ्यांत कमी होता, कागदपत्रं चोख होती. काम त्यालाच मिळणार होतं. फक्त आज मावशींनी विषय काढायला नको होता. सीमा मनातल्या मनात देवाला हात जोडत होती.

"आपलीच ना गो ती शाळा? तुम्ही दोघं हात धरून जायचात ती?"

"हो, तीच."

"अजून जातात पोरं?"

"जातात की. वर्ग भरलेले असतात."

जाईबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"हितूचे दिवस बरे नाहीत, बाय. शीवला त्याने बांधलेला जिना कोसळला. रविवार होता म्हणून निभावलं. खासगी काम, मिटवलं त्याने. पण त्यानंतर घरात सुख नाही. असलं काही तुमच्या तपासणीत येतं काय गो?"

"कागदावर असेल तेवढंच बघतो आम्ही. मावशी, दुसरं बोलू या ना!"

जाईबाईंनी मोठा श्वास सोडला. मग सीमाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"माझं एवढं ऐक. त्या शाळेचं काम हितूलाच दे. माझ्या हातचं जेवली आहेस तू."

सीमाने हात सोडवून घेतला.

"घात केलात, मावशी! गप्प राहिला असतात तर काम त्याचंच होतं हो! आता हे मला उद्या ऑफिसात सांगावंच लागेल. बाद होईल त्याचं टेंडर." तिला रडू आवरेना. ज्या हातांनी भरवलं, त्यांच्याच घरावर तिला वरवंटा फिरवायचा होता. "तुम्हाला बिचाऱ्यांना नियम ठाऊक नव्हता..."

जाईबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले.

"ठाऊक होता गो. हितूच रोज बजावतो, सीमाच्या दारात पाऊल टाकू नकोस, टाकलंस तर काम हातचं जाईल."