सोळा जणांचं स्वादुपिंड

निर्मलाताई उकिडवे बॅग घेऊन लिफ्टमधून उतरल्या, तर खाली अख्खी सोसायटी वाट अडवून उभी. इमारतीतल्या सोळा मधुमेही रहिवाशांची साखर एका यंत्राने त्यांच्या एकटीच्या धडधाकट स्वादुपिंडाला जोडलेली होती. त्यांच्यापासून पन्नास मीटरपलीकडे गेलं, की जोडणी तुटायची. कोणी गोड खाल्लं, की घाम निर्मलाताईंना फुटायचा.

"वहिनी, जाऊ नका," सेक्रेटरी दळवी हात जोडून म्हणाले. "आजपासून भात-पोळी बंद. नुसती अंडी, पनीर आणि मेथी."

"गणपतीतही हेच म्हणालात. मग एकवीस मोदक कोणी हाणले? भर आरतीत आडवी झाले मी!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मला जगायचंय हो," त्या रडकुंडीला आल्या. "लेकीकडे साताऱ्याला चाललेय मी."

"आम्हालाही जगायचंय, वहिनी."

संध्याकाळी साताऱ्यात लेकीनं दार उघडलं. आईच्या मागे जिन्यावर सोळा माणसं डबे घेऊन ओळीनं उभी होती.

"आमचं काही करू नका," दळवी म्हणाले. "उकडलेली अंडी आणलीत."

तेवढ्यात आतून पुरणपोळीचा वास आला. सोळा जणांच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं. निर्मलाताईंनी दाराची चौकट घट्ट धरली.