लाल कापडाचा नमुना

नयना सुरतेतल्या एका लॅबमध्ये नोकरीला होती. कापडातले रंग यंत्रावर वेगवेगळे करून त्यांत काही घातक आहे का, हे ती तपासायची. नमुन्यांवर मिलचं नाव नसे, फक्त नंबर. पण आजचा लाल तिने ओळखला. हाच लाल रोज कापड रंगवायच्या मिलमधून तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या नखांत भरून घरी यायचा. आणि यंत्राने त्यात बंदी घातलेलं रसायन दाखवलं होतं.

रिपोर्टवर सही न करताच ती लिंबायतला घरी आली. आप्पा मोरीत हात घासत होते.

"आप्पा, तुमची मिल बंद पडली तर?"

"दुसरी बघू. उधन्यात मिलांना काय तोटा?"

"या वयात कोण घेईल तुम्हाला?"

आप्पांनी साबण खाली ठेवला. "म्हणजे अजून सही केली नाहीस."

ती दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"लहान पोरींचे फ्रॉक शिवणार आहेत त्या कापडाचे, बेटा. शेठने तुमच्या लॅबला पाठवायला दुसरंच चांगलं कापड काढून ठेवलं होतं. पाकिटात खरं कापड मी भरलं."