वाघोबाची फेरी

"कुणाला पटायचं नाय, पण सांगतो," महिपत म्हणाला आणि वाघोबाच्या फळीपुढं आडवा उभा राहिला. सांगायचं काय, ते त्याला अजून सुचलं नव्हतं. पण तेवढ्यानं तो आजवर कधी अडला नव्हता.

समोर गोजर उभी होती, हातात चुंबळ घेऊन. मागं तिचा मुलगा चांगो, खांद्यावर दोर. वैशाखऱ्याच्या वाडीवरून मायलेक पायी आले होते.

"आमचा वाघोबा आमाला द्या," तिनं आल्या आल्या सांगितलं होतं. "तो हितं तुमच्या भिंतीला लागलाय, आन् तिकडं वाघानं माझ्या दोन शेळ्या नेल्या. शीव कोन राखील?"

किन्हवलीच्या चावडीला लागून असलेल्या खोलीत गावानं जुन्या वस्तू मांडल्या होत्या. गावातल्याच धाऊनं घरोघर फिरून गोळा केलेल्या. मोडकं इरलं, लाकडी पायली, गंजलेला भाला. प्रत्येकाखाली त्याच्या हातची चिठ्ठी. आज नव्या पंचायत समितीची माणसं शहापूरहून बघायला यायची होती. त्यांना आवडलं तर खोली राहणार, नाहीतर भाताच्या पोत्यांना जाणार. आणि इरली नि पायल्या काय, त्यांच्या घरीही होत्या. बघण्यासारखा होता तो एक वाघ. हातभर फळीवर कोरलेला, शेंदरानं लाल, डोक्यावर चंद्र-सूर्य. उन्हाळ्यात चांगोनं हौसेनं आणून दिलेला, आईला न विचारता.

"महिपतनाना, आता तुमीच बोला," धाऊ कसाबसा म्हणाला होता. खोलीची झाडलोट आणि आल्यागेल्याला माहिती सांगणं, ही दोन कामं महिपतनं आपण होऊन अंगावर घेतली होती. झाडलोट धाऊच करायचा.

"गोजरबाय," महिपत म्हणाला, "तुला काय वाटतं, हा हितं नुसता बसून असतो? अगं, रोज जातो तो! दिवस बुडला का फळीवरनं उतरतो, अंग झाडतो, नदी पोहून सरळ तुमच्या शिवेवर. सगळ्या वाडीला फेरी घालतो. तांबडं फुटायच्या आत परत. माझा डोळा लागलेला असला तर शेपटीनं उठवतो. म्हनतो, म्हातारबा, दार लाव."

"मग शेळ्या कशा गेल्या?" चांगोनं विचारलं.

"त्या दिशी नदीला पानी होतं. उशीर झाला. त्यानंच सांगितलं मला, मान खाली घालून."

धाऊ खिडकीबाहेर बघू लागला.

"पायाला हात लाव त्याच्या. लाव ना."

गोजरनं बोट लावलं. वाघाचे पाय ओले होते. सकाळीच धाऊनं ओल्या फडक्यानं फळी पुसली होती. गोजरनं ते बोट लुगड्याला पुसलं नाही, तसंच धरून राहिली. चांगोनं दोर खाली ठेवला. महिपतला वाटलं, जमलं.

"रोज येतो?" तिनं हळूच विचारलं.

"एक दिस चुकत नाय."

"वाघबारशीला, त्याच्या सणाला बी आलता?"

"वाघबारशीला तर धावत गेला!" महिपत फुलला. "म्हनाला, आज गोजर खीर ठेवनार."

गोजरनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

"शिवेवर ठेवली व्हती. नव्या तांदळाची, गूळ घालून. सकाळी बघते तर द्रोन तसाच, नुसत्या मुंग्या. मी तिथंच बसून रडले." तिनं महिपतकडं नीट पाहिलं. "वाघोबा आला, आन् माझी खीर टाकून गेला? खोटं बोलतोस, म्हातारबा."

 मग महिपतनंच फळी खुंटीवरून काढली आणि दोन्ही हातांनी जपून तिच्या डोक्यावर चढवली.

मायलेक रस्त्याला लागतात न लागतात तोच जीप येऊन थांबली. पाहुणे आत आले. इरलं बघितलं, पायली बघितली, घड्याळ बघितलं. एक जण रिकाम्या खुंटीखालची चिठ्ठी वाचून म्हणाला, "लाकडी वाघ, वैशाखरे. अहो, वाघ कुठाय?"

धाऊ चिठ्ठी काढायला पुढं झाला. महिपतनं त्याचा हात धरला.

"कुणाला पटायचं नाय, सायेब," तो म्हणाला आणि दाराकडं वळला. पाहुणे त्याच्यामागं उंबऱ्यात येऊन दाटीनं उभे राहिले. समोरच्या बांधावरून, गोजरच्या डोक्यावर, शेंदरी वाघ डुलत चालला होता.

"तो बघा. रोज जातो शिवेवर, आज जरा लवकर निघाला. फेरी घालून येतो परत."

बांधावरून, मान न वळवता, गोजर ओरडली, "नाय येत!"